होलचं माप चेंडूचा वेग ठरवतो

गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, पण पट, म्हणजे चेंडू घरंगळत होलमध्ये नेणारा हलका फटका, मारताना तो सगळाच्या सगळा आपल्या उपयोगी पडेल असं नाही. चेंडूचा व्यास जवळपास 43 मिलिमीटर. होलवरून जाताना आत पडायचं तर पलीकडची कड येईपर्यंत तो निदान निम्म्या उंचीइतका खाली यायला हवा. गुरुत्वाकर्षणाला त्यासाठी सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने 1991 साली हा हिशेब तपशिलात मांडला. बरोबर मधोमध आलेला चेंडू सेकंदाला सुमारे 1.6 मीटर वेगापर्यंत आत जातो, तोही मागच्या कडेवर आपटून. बाजूने आलेल्या चेंडूला होलवर कमी अंतर मिळतं, म्हणून त्याला वेगाची सूटही कमी. चेंडू जितका जोरात, तितका होल अरुंद!

नवखे खेळाडू मात्र सगळं लक्ष दिशेवर देतात. दिशा महत्त्वाची आहेच. ती मुख्यतः चेंडूला लागताना पटरचं (पट मारायच्या काठीचं) तोंड कुठे आहे यावर ठरते. हात कोणत्या रेषेत फिरला याचा वाटा त्यामानाने थोडा. तीन मीटरवरून चेंडू एक अंश तिरका निघाला तर तो होलपाशी 52 मिलिमीटर बाजूला जातो. होलची त्रिज्या 54. हळू आलेला चेंडू इथे जेमतेम वाचतो, जोरातला कडेवरून निसटतो.

वेगातली चूक याहून महागात पडते, कारण सपाट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडूने कापलेलं अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग 10 टक्के जास्त झाला की अंतर 21 टक्के वाढतं. दहा मीटरचा पट दोन मीटर पुढे जातो आणि परतीचा पटही अवघड होऊन बसतो.

उतारावर तर वेग ठरवल्याशिवाय रेषा ठरवणंच निरर्थक. हळू चेंडूवर उताराला काम करायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे तो अधिक वळतो, आणि सर्वांत जास्त वळतो तो शेवटच्या टप्प्यात. त्यात प्रत्येक ग्रीनची चाल, म्हणजे चेंडू तिच्यावर किती सहज घरंगळतो ते, वेगळी. ती मोजायला एडवर्ड स्टिम्पसन या गोल्फ खेळाडूने 1935 साली एक साधी उतरती पट्टी तयार केली. तिच्यावरून सोडलेला चेंडू जितके फूट जाईल, तो त्या ग्रीनचा आकडा. आठच्या ग्रीनवर बसलेला हात बाराच्या ग्रीनवर तसाच चालवला तर चेंडू दीडपट लांब जाईल.

म्हणून सरावात काही वेळ होल विसरावा. वेगवेगळ्या अंतरांवर पट मारावेत आणि मान वर करण्याआधीच चेंडू कमी पडला की पुढे गेला, हे स्वतःशी सांगावं. मग बघावं. अंदाज आणि निकाल जुळू लागले की हाताला वेग कळू लागला असं समजायला हरकत नाही. मान उशिरा उचलण्याचा आणखी एक फायदा आहे. जोन विकर्स या संशोधिकेने 1992 साली खेळाडूंच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा तरबेज खेळाडू फटक्याआधी चेंडूवर नजर अधिक स्थिर ठेवतात आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर त्याच जागी ठेवतात, असं आढळलं.