कमी पैशांत स्वयंपाकघरासाठी सुटी कपाटे कशी निवडावीत

नागपुरातल्या आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुटे कपाट भिंतीत जडवलेले नसते. ते स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि घर बदलले की सोबत नेता येते. भाड्याचे घर असेल, किंवा ओटा तयार आहे पण पूर्ण ट्रॉली बसवण्याइतके पैसे सध्या नाहीत, तर हा मार्ग चांगला आहे. फक्त सगळी कपाटे एकाच मालात, एकाच रंगात घेण्याचा हट्ट नको. आधी घरी जाऊन पाहा, पाणी कुठे पडते, वजन कुठे येते आणि शेगडीची धग कुठे लागते. जिथे पाणी पोहोचते तिथे पैसे घाला आणि कोरड्या भिंतीकडे वाचवा. एकूण रकमेतली जवळपास निम्मी रक्कम सिंकखालच्या एका कपाटावर गेली तरी चालेल, कारण सगळ्यात आधी खराब होते ते तेच.

सिंकखालचे कपाट

इथे पार्टिकल बोर्ड घेऊ नका, मग त्यावरचा सनमायका कितीही सुंदर असो. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसा. वरचा थर पाणी अडवतो, पण कडा, स्क्रूची भोके आणि पाइपसाठी कापलेली खाच इथून पाणी आत शिरते. बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. स्क्रूची पकड जाते आणि दार लोंबते. साध्या एमडीएफचेही, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचेही, पाण्यापुढे तेच होते.

इथे दोन पर्याय आहेत. पहिला, आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय. या प्लायचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या, दर्जाला ही चाचणी ८ तासांची असते. एमआर दर्जाचा, म्हणजे बाजारात ज्याला कमर्शियल प्लाय म्हणतात तो, फक्त ६० अंशांच्या पाण्यात ३ तास तपासतात. तो सिंकखाली वापरू नका. शिक्का शीटवर पाहा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर थांबू नका. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आहे ते कळते.

दुसरा पर्याय पीव्हीसी बोर्डाचा. याला पाणी लागत नाही, वाळवीही लागत नाही. पण हा बोर्ड उष्णतेने मऊ पडतो, म्हणून शेगडीला लागून ठेवू नका. शिवाय त्यात स्क्रू प्लायइतका घट्ट बसत नाही. आधी बारीक भोक पाडून लांब स्क्रू हाताने आवळावा. मशीनने जोरात आवळला तर आतले आटे निघून जातात आणि बिजागरी महिनाभरात हलू लागते.

प्लाय किती लागेल याचा अंदाज तुम्हालाही असावा. ओटा ३२ इंच उंच असेल तर दगडाची जाडी सोडून खाली साधारण ३० इंच मिळतात. ४ इंचांचे पाय आणि २६ इंचांचे खोके एवढे त्यात जेमतेम बसते. पाय फिरवून अर्धा इंच आखूड करता येतील असेच मागा, म्हणजे कपाट सरकवताना दगडाला घासत नाही. रुंदी २४ इंच आणि खोली २० इंच धरली, तर दोन बाजू, तळ, वरच्या दोन पट्ट्या आणि दारे मिळून साधारण १६ चौरस फूट प्लाय लागतो. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची असते, म्हणजे उरलेल्या भागातून शेजारच्या कपाटाच्या बाजू आणि तळ निघू शकतो. सुताराकडून किंवा आमच्याकडून करून घेताना उरलेल्या तुकड्यांचा हिशेब जरूर मागा.

सिंकच्या कपाटाला पाठ लावू नये. हवा खेळती राहते आणि पाइप गळतो आहे का ते डोळ्यांना दिसते. खाच कापलेल्या कडेला वार्निशचे दोन हात आणि वर सिलिकॉन लावून घ्या. तळावर एक प्लास्टिकचा ट्रे ठेवा. ठिबकलेले पाणी लाकडात जाण्याऐवजी ट्रेत साचते आणि लगेच लक्षात येते.

धान्याचे कपाट

आपल्याकडे उन्हाळ्यात गहू, तांदूळ, तूरडाळ भरून ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, आणि खरी कसोटी लागते ती फळीची. ३ फूट लांबीच्या १८ मिलिमीटर पार्टिकल बोर्डच्या फळीवर एकूण ३० किलोचे डबे ओळीने ठेवले की ती मधोमध काही मिलिमीटर लगेच झुकते, आणि वजन तसेच राहिले तर महिनोनमहिने झुकत जाते. तशाच ओळीने भरलेल्या डब्यांची फळी २ फुटांची केली तर झुकाव जवळपास पाचव्या भागावर येतो. म्हणून एक रुंद कपाट घेण्याऐवजी दोन अरुंद घ्या. रुंद कपाट आधीच घरी असेल तर फळीच्या पुढच्या कडेला खालून दीड इंच रुंदीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रू मारा. हा उपाय स्वस्त आहे आणि फार उपयोगी पडतो. जाडीत कंजुषी करू नका. १२ मिलिमीटरपेक्षा १८ मिलिमीटरची फळी सव्वातीनपटीहून अधिक ताठ असते.

धान्याचा कट्टा (पोते) आणि मोठी कोठी मात्र फळीवर चढवूच नका. त्यांना जमिनीपासून थोडी उंच लाकडी चौकट द्या.

कोरड्या भिंतीकडे सगळ्यात कमी खर्चाचा पर्याय म्हणजे लोखंडी अँगल रॅक. पत्र्याचा गेज आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ: २२ गेज साधारण पाऊण मिलिमीटर, २४ गेज त्याहून पातळ. धान्यासाठी २२ घ्या. प्रत्येक फळीच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन बोल्ट आणि तळाशी व वरती कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या हव्यात, नाहीतर रॅक डावीकडे-उजवीकडे झुलते. पुढे कापडाचा पडदा लावला की कपाटाचे काम होते आणि धूळही अडते. पायांना रबरी बूट घाला, कारण फरशी पुसताना पाणी तिथेच मुरते आणि गंज तळापासून चढतो. मिठाची बरणी पत्र्यावर थेट ठेवू नका. खाली ताटली ठेवा.

आमचे इथले हवामान

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा अगदी कोरडी होते. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की तीच हवा दमट होते. या फरकात सागवान असो की दुसरे लाकूड, भरीव लाकडाची दारे आकसतात आणि फुगतात. मे महिन्यात घट्ट बसलेले दार ऑगस्टमध्ये अडकते. दारांमध्ये आणि कडेला ३ मिलिमीटर फट ठेवून घ्या. कूलरची हवा कपाटावर थेट येऊ देऊ नका. दिवसभर ओल्या हवेचा झोत लागल्याने बोर्डाच्या कडा झाकणाऱ्या पट्ट्यांचा गोंद सुटतो.

तळमजल्यावर राहत असाल तर वाळवीचा विचार आधी करा. कपाट भिंतीपासून एक इंच पुढे ठेवा, म्हणजे भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढताना दिसतील. पाठ भिंतीला चिकटली की वाळवी आतून खाते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. जुने लाकडी कपाट स्वस्त मिळाले तरी घेण्याआधी तळ आणि पाठ बोटांच्या सांध्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. त्यातली वाळवी घरच्या इतर लाकडाला लागू शकते.

गॅस

सिलेंडरसाठी बंद कपाट आम्ही बनवत नाही, आणि कोणी बनवून देत असेल तरी घेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि बंद खोक्यात बाहेर पडायला वाट मिळत नाही. सिलेंडर उभा, उघड्या जागी आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर हवा. रबरी नळी कपाटाच्या आतून नेऊ नका. तिला चीर पडली तर दिसली पाहिजे. शेगडीच्या वर कपाट टांगायचे असेल तर किमान अडीच फूट अंतर सोडा. परवडत असेल तर ती जागा मोकळीच ठेवा.

ताब्यात घेताना

माल घरी उतरला की कारागीर असतानाच तपासा. समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर खोके तिरपे आहे आणि दारे कधीच सरळ बसणार नाहीत. बहुतेक वेळा पाठीचा बोर्ड नीट न ठोकल्याने हे होते. पाणसळ ठेवून पाय फिरवा. स्वयंपाकघराची फरशी मोरीकडे उतरती असते, त्यामुळे चारही पाय सारख्या उंचीचे ठेवले तर कपाट हलतेच. खालच्या कडेवरून बोट फिरवा. दिसत नाही म्हणून नेमकी तिथलीच पट्टी बरेच जण वाचवतात आणि पोछ्याचे पाणी तिथूनच शिरते. तीन फुटांपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या पुरतात, त्याहून उंच दाराला तिसरी मागा.

चार फुटांहून उंच कपाट वरच्या बाजूला एल-पट्टीने भिंतीला बांधा. मूल खालच्या कप्प्यावर चढले तर भरलेले कपाट पुढे कोसळू शकते. भाड्याच्या घरात मालकांना विचारून दोन भोके पाडा. टाइलवर आधी चिकटपट्टी लावा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.

कपाट हलवायचे असेल तेव्हा रिकामे करून उचला. ओढले तर पायांचे स्क्रू बोर्डातून उपटून येतात, आणि पार्टिकल बोर्डाला तीच भोके पुन्हा पकड देत नाहीत. नट-बोल्टने जोडलेले पार्टिकल बोर्डचे कपाट फार तर एक-दोनदा खोलून पुन्हा बसवता येते. बदलीची नोकरी असेल तर प्लाय किंवा पत्रा घ्या.

दुकानात येताना

ओट्याखालची उंची, खोली आणि रुंदी इंचांत लिहून आणा. रुंदी तळाशी आणि वर अशी दोन ठिकाणी मोजा, कारण उभे कडप्पे सरळ नसतात. घराच्या मुख्य दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही लागेल. नागपुरातल्या महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांत तयार कपाट वर जात नाही आणि ते सुट्या भागांत पाठवावे लागते. सिंकच्या पाइपचा आणि गॅसच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा. कोणत्या बोर्डचे कपाट घ्यावे याबद्दल शंका असेल तर उघड्या कडेचा एक तुकडा मागून न्या. घरी त्याची जाडी मोजा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. तुकडा आम्ही विनामूल्य देतो. ऑर्डर त्यानंतर द्या.