पार्श्वभूमी: एअर इंडियाचं विलीनीकरण आणि त्यानंतरची पंधरा वर्षं

८ ऑक्टोबर २०२१ला एअर इंडियाच्या विक्रीचा निकाल लागला, तेव्हा बहुतेक बातम्या १९३२च्या कराची–जुहू टपाल उड्डाणापासून सुरू झाल्या आणि ‘घरवापसी’ या शब्दावर, म्हणजे एअर इंडिया पुन्हा टाटांकडे जाण्यावर, संपल्या. मधला काळ दोन-चार ओळींत उरकला गेला: सरकारी कारभार, फुगलेली नोकरभरती, बाबू लोकांची फुकट तिकिटं, तोटा. यातलं काही अगदीच खोटं नाही. पण २००५-०६ या आर्थिक वर्षात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही सरकारी कंपन्यांनी, थोडा का होईना, नफा दाखवला होता. २००८-०९मध्ये दोघींच्या एकत्रित कंपनीचा तोटा ५,५४८ कोटी रुपयांवर गेला. कर्मचारी तेच होते आणि कारभार तेव्हाही सरकारीच होता. त्यामुळे या तीन वर्षांकडे नीट पाहावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. १९५३च्या राष्ट्रीयीकरणात कामाची वाटणी झाली होती: परदेश एअर इंडियाकडे, देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे. एकीचा कारभार मुंबईतून चाले, दुसरीचा दिल्लीतून. सहारचं आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सांताक्रूझचं देशांतर्गत, इतकाच तो फरक मुंबईकराला जाणवायचा. फेब्रुवारी १९९०मध्ये बंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं नवं कोरं एअरबस ए-३२० कोसळलं, ९२ माणसं गेली आणि त्या जातीची सगळी विमानं कित्येक महिने जमिनीवर उभी राहिली. पाठोपाठ खासगी कंपन्यांना दार उघडलं, १९९४मध्ये मक्तेदारीचा कायदाच रद्द झाला आणि अनुभवी वैमानिक जास्त पगारावर पलीकडे गेले. २०००-०१मध्ये एअर इंडियाचा ४० टक्के हिस्सा विकायचा प्रयत्न झाला. इच्छुकांपैकी परदेशी भागीदाराने अंग काढून घेतलं आणि विषय गुंडाळला गेला. विक्री होणार म्हणून खरेदी थांबलेली, आणि विक्रीही झाली नाही. या काळात विमानं मात्र म्हातारी होत गेली.

ही उपासमार लक्षात घेतली की पुढची मोठी खरेदी समजते, पण तिचं समर्थन होत नाही. एअर इंडियाच्या मूळ प्रस्तावात २८ विमानं होती. तो फिरून आला तेव्हा आकडा ६८ झाला होता. इंडियन एअरलाइन्सने स्वतंत्रपणे ४३ एअरबस मागवल्या. एकूण १११ विमानं, आणि पैसा जवळजवळ सगळा कर्जाचा. स्वतःचं भांडवल नाममात्र असलेल्या कंपनीने हे करावं, यावर पुढे सरकारी लेखापरीक्षकांनी (कॅग) अतिशय कठोर शब्द वापरले. पहिली लांब पल्ल्याची बोइंग आली, १ ऑगस्ट २००७ला मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू झाली, आणि वर्षभरात कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं. लांब पल्ल्याच्या त्या बोइंगपैकी पाच नंतर एका आखाती विमान कंपनीला विकून टाकावी लागली.

आता विलीनीकरण. या शब्दाने फार गोंधळ घातला आहे. एअर इंडियात इंडियन एअरलाइन्स विलीन झाली, असं आपण सर्रास म्हणतो. कायद्याने तसं झालंच नाही. मार्च २००७मध्ये तिसरीच कंपनी स्थापन झाली, नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे ‘नॅसिल’, आणि दोन्ही जुन्या कंपन्या तिच्यात विसर्जित झाल्या. नाव मात्र विमानांवर एअर इंडियाचंच राहिलं आणि नोव्हेंबर २०१०मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. म्हणजे २००६ची एअर इंडिया आणि २०११ची एअर इंडिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोट्याचे आकडे एकाच ओळीत मांडताना हे विसरलं जातं. आतल्या लोकांना विसरणं शक्य नव्हतं. नॅसिल होऊन कित्येक वर्षं झाली तरी माणसांची ओळख ‘पूर्वाश्रमीचे इंडियन एअरलाइन्सवाले’ आणि ‘पूर्वाश्रमीचे एअर इंडियावाले’ अशीच व्हायची.

याची कारणं भावनिक कमी, हिशेबी जास्त होती. एकत्र येऊनही फेब्रुवारी २०११पर्यंत उड्डाण क्रमांकांआधीची संकेताक्षरं दोन होती: एआय आणि आयसी. एका विमानातून उतरून पुढचं पकडायच्या जोडसेवेचा सगळा फायदा आरक्षण एकाच व्यवस्थेत असण्यात असतो, आणि तीच चार वर्षं एक नव्हती. पगाराचं गणित त्याहून अवघड. दोन्हीकडे पगाराचा मोठा भाग ‘पीएलआय’ या नावाने मिळायचा, म्हणजे उत्पादकतेशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता. नाव प्रोत्साहनाचं असलं तरी वर्षानुवर्षांच्या करारांनी तो पगारच होऊन बसला होता, आणि त्याची सूत्रं दोन्ही घरांत निराळी होती. २००९मध्ये तो कापायचा प्रस्ताव आला तेव्हा वैमानिक रजेवर गेले, ते याच कारणाने. बढतीचंही तसंच. इंडियन एअरलाइन्समध्ये लहान विमानांवर कप्तानपद लवकर मिळे. एअर इंडियात मोठ्या विमानांवर त्यासाठी जास्त वर्षं थांबावं लागे. दोन ज्येष्ठता याद्या एकत्र करायच्या तर कुणाची वर्षं किती मोजायची? विलीनीकरणाआधी या प्रश्नाचं उत्तर ठरवलं गेलं नाही. माझ्या मते सर्वांत मोठी चूक ती हीच.

उत्तर रस्त्यावर शोधलं गेलं. एप्रिल-मे २०११मध्ये पूर्वाश्रमीचे इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. मे २०१२मध्ये दुसरी बाजू उठली. ड्रीमलायनर या नव्या मोठ्या बोइंग विमानाचं प्रशिक्षण दोन्ही गटांना मिळणार हे पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांना मान्य नव्हतं: मोठं विमान आमच्या वाट्याचं, आमची बढती त्यावर अवलंबून. तो संप ५८ दिवस चालला, ऐन सुट्टीच्या हंगामात. लोकांचा राग वैमानिकांवर निघाला आणि तो समजण्यासारखा होता. पण ज्या निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीने वेतन आणि ज्येष्ठतेचा आराखडा दिला, ती नेमली गेली मे २०११मध्ये. विलीनीकरणानंतर चार वर्षांनी.

क्रमही उलटा होता. आधी दोन कंपन्यांनी दोन स्वतंत्र खरेद्या केल्या आणि मग त्या एक झाल्या. एक व्हायचंच होतं तर विमानं एकत्र बसून ठरवायला हवी होती. लेखापरीक्षकांचं म्हणणंही याच अर्थाचं होतं. २०१७मध्ये या निर्णयांवर गुन्हे नोंदवले गेले. त्यांतल्या भाडेतत्त्वावरील विमानांच्या प्रकरणात २०२४मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल गेला. गुन्हा होता की नव्हता, हे न्यायालयाचं काम. क्रम चुकला हे सांगायला मात्र तारखा पुरेशा आहेत.

खरेदी आणि विलीनीकरणाच्या याच वर्षांत आखाती विमान कंपन्यांना भारतातून उड्डाणांसाठी वाढीव जागा देण्यात आल्या. प्रवाशांची त्यातून सोय झाली, हे खरं. पण दुबईत विमान बदलून युरोप-अमेरिकेला जाण्याची सवय तेव्हाच मुरली, आणि नॅसिलच्या लांब पल्ल्याच्या विमानांना गिऱ्हाईक हवं होतं तेही तेव्हाच.

यापुढचं सगळं उशिराचं औषध. एप्रिल २०१२मध्ये सुमारे तीस हजार कोटींच्या सरकारी भांडवलाची योजना मंजूर झाली. ते हप्ते येत राहिले आणि व्याजातही जात राहिले. मुख्यालय २०१३मध्ये नरिमन पॉइंटहून दिल्लीला गेलं. जुलै २०१४मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचं सदस्यत्व मिळालं, निमंत्रण मिळाल्यावर साडेसहा वर्षांनी. २०१८मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, तर एकही बोली आली नाही. २४ टक्के सरकार मागे ठेवून कोण पैसे घालणार होतं? शेवटी १०० टक्के विक्री झाली आणि टाटांची १८,००० कोटींची बोली स्वीकारली गेली. त्यात रोख २,७०० कोटी होते, बाकी १५,३०० कोटींचं कर्ज. ऑगस्ट २०२१अखेर कर्ज होतं ६१,५६२ कोटी. उरलेले ४६,२६२ कोटी, जमिनी आणि इमारतींसह, एका वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेले. ते करदात्याच्या अंगावर आहेत, आणि ‘घरवापसी’च्या बातम्यांत हा आकडा फार खाली छापला जात होता.

इमारतींपैकी नरिमन पॉइंटचा मनोरा महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतला. मुंबईत कालिन्याच्या कर्मचारी वसाहतीतल्या कुटुंबांना घरं रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये आणखी एक विलीनीकरण झालं, टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘विस्तारा’ या विमान कंपनीचं. त्याच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला, विस्ताराची कितीतरी उड्डाणं रद्द झाली होती. नव्या करारात हमीच्या उड्डाण-तासांचा पगार ७०ऐवजी ४० तासांवर आला होता आणि वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले होते.