नदालची स्ट्रिंग तुमच्या हाताला झेपणार आहे का?

टेनिसची रॅकेट घेताना लोक फ्रेमवर तास तास घालवतात, वजन किती, हेड केवढं, रंग कुठला, आणि गटिंगची म्हणजे तारा (स्ट्रिंग) बसवायची वेळ आली की दुकानदाराला म्हणतात टाका हो कुठलंही, 55 पाउंडच्या ताणावर मारा. अहो पण बॉल फ्रेमला लागतच नाही (लागला तर तो पॉइंट गेलाच म्हणा), तो लागतो स्ट्रिंगला आणि तोही जेमतेम 5 मिलिसेकंद. जे काय व्हायचं ते तेवढ्यातच होतं.

दुसरी जमात म्हणजे नदाल वापरायचा ती काळी पॉलिएस्टर तार मागून घेणारे. आता ही पॉलिएस्टर एवढी भारी का, तर तिची खरी करामत स्पिनमध्ये आहे. टॉपस्पिन म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणारा शॉट मारताना उभ्या तारा बॉलबरोबर काही मिलिमीटर बाजूला सरकतात आणि बॉल सुटायच्या आत झटकन जागेवर येतात, येताना बॉलला आणखी एक फिरकी देऊन जातात. याला स्नॅपबॅक म्हणतात. पॉलिएस्टर कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे तारेवर तार सहज घसरते. खरखरीत तार बॉलला जास्त पकडते म्हणून स्पिन जास्त, असं बरेच जण छातीठोक सांगतात पण खरी गंमत तारा एकमेकींवर किती सहज घसरतात यातच आहे.

याचा सगळ्यात भन्नाट पुरावा 1977 चा. तेव्हा स्पॅगेटी रॅकेट नावाचा प्रकार आला होता, त्यात तारा एकमेकींत विणलेल्याच नसायच्या त्यामुळे त्या मोकाट सरकायच्या आणि बॉल कसाही वळायचा. क्लेवर म्हणजे मातीच्या कोर्टवर सलग 53 मॅच जिंकलेला गिलेर्मो विलास फ्रान्समध्ये इली नास्तासेच्या असल्याच रॅकेटसमोर वैतागून मॅच सोडून गेला! मग आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने तारा विणलेल्याच हव्यात असा नियम केला. वीस वर्षांनी, 1997 ला, जगात 66 व्या नंबरचा गुस्ताव्हो कुएर्तेन बेल्जियमच्या लक्झिलॉन कंपनीची पॉलिएस्टर लावून फ्रेंच ओपन जिंकला आणि हळूहळू सगळे प्रो खेळाडू त्या मागे लागले. म्हणजे स्पॅगेटीवाला फायदा बराचसा परत आला, फक्त नियमात बसून.

मग आपणही तीच का नको? कारण ती कडक असते. बॉल लागल्यावर तार जेवढी कमी लवते तेवढा जास्त दणका हाताकडे जातो आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे स्नायूंचा टेंडन हाडाला जोडलेला असतो तिथे बोंब होते. टेनिस एल्बो म्हटलं की आपल्याला 2004 चा सचिनच आठवतो, पण बॅट न धरणाऱ्यालाही तो होतो, आणि दुखायला लागल्यावरही लोक तीच तार ठेवून वर पट्टा बांधून खेळतात, कमाल आहे. शिवाय पॉलिएस्टर तुटायच्या बरीच आधी मरते. प्रो लोकांना काय, ते प्रत्येक मॅचला नवीन गटिंग करतात, आपण मात्र तुटेपर्यंत वाट बघतो. घरीच बघा, एक उभी तार बोटाने बाजूला ओढून सोडा, झटकन परत आली तर जिवंत आहे, तिथेच अडकून बसली तर स्पिन गेला आणि हातात नुसती कडक जाळी राहिली.

नॅचरल गट अजूनही सगळ्यात मऊ आणि लवचिक, टेन्शनही छान धरते, फ्रान्सच्या लिऑनमध्ये बाबोला कंपनीने 1875 पासून बनवायला घेतली. पण ती गाईच्या आतड्याची असते हे कित्येकांना माहीत नसतं, महागही प्रचंड आणि ओल लागली की धागे सुटतात, म्हणजे मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात पैसे पाण्यातच. मल्टिफिलामेंट म्हणजे शेकडो बारीक नायलॉनचे धागे एकत्र करून तिच्या जवळपास जाणारी तार, आणि सिंथेटिक गट म्हणजे साधं नायलॉन, स्वस्त आणि कुणाच्याही हाताला चालेल असं. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याला माझ्या मते हेच बरं, लहान मुलांना तर पॉलिएस्टर देऊच नका, कोच काहीही म्हणो.

आता टेन्शन, म्हणजे तारांचा ताण. सैल विणलेल्या बाजेवर पोर जास्त उसळतं तसं कमी पाउंडला बॉल जास्त उडतो, हे खरं, पण 50 आणि 60 पाउंडमध्ये वेगाचा फरक अगदी किरकोळ असतो. बॉल बाहेर जातो तो मुख्यतः सैल तारेवर जरा जास्त वेळ थांबून थोडा वरच्या कोनात सुटतो म्हणून. त्यामुळे शॉट लांब जात असतील तर दोन पाउंड वाढवा, नेटमध्ये जात असतील किंवा हात दुखत असेल तर दोन कमी करा, आणि पॉलिएस्टर लावायचीच असेल तर नायलॉनपेक्षा चार-पाच पाउंड खालीच लावा. हवं तर उभी पॉलिएस्टर आणि आडवी मल्टिफिलामेंट असं हायब्रिडही करून देतात. फेडरर उलटं करायचा, उभी नॅचरल गट आणि आडवी पॉलिएस्टर.