व्हिन्यू व्हेर्द

पोर्तुगालच्या वायव्य भागातील मिन्यू प्रदेशात तयार होणारी, कमी मद्यार्काची, आंबटसर व ताजेपणीच प्यायची वाइन. हे नाव द्राक्षाच्या वाणाचे नसून प्रदेशाचे आहे. पांढरी, तांबडी व गुलाबी असे तिन्ही प्रकार त्यात येत असले, तरी देशाबाहेर प्रामुख्याने पांढरीच परिचित आहे. नावातील ‘हिरवा’ हे विशेषण काही अभ्यासक प्रदेशाच्या हिरवाईशी जोडतात; वाइनच्या कोवळेपणाशी त्याचा संबंध जोडणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. या प्रदेशाच्या सीमा १९०८ मध्ये ठरविण्यात आल्या. त्याचे नऊ उपविभाग असून उत्तर सीमेवरील मोंसांव–मेलगासू हा त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम होय.

येथील जमीन ग्रॅनिटी असून अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे पाऊस भरपूर पडतो. द्राक्षवेली ओक, चेस्टनट यांसारख्या झाडांवर किंवा शेताच्या कडेने उभारलेल्या उंच मांडवांवर चढविण्याची रीत येथे दीर्घकाळ होती व तोडणीसाठी उंच शिड्या लावाव्या लागत. या रीतीचे मूळ काहीजण रोमन काळात शोधतात. झाडांवर वेली चढविणे रोमनांना ठाऊक होते, हे खरे. परंतु मिन्यूत ही रीत इतकी सार्वत्रिक होण्यास अमेरिकेतून आलेला मका कारणीभूत झाला असावा. सोळाव्या शतकानंतर मक्याचा प्रसार होत गेला, तशी शेतातील मोकळी जमीन त्याने व्यापली आणि वेली बांधांवर सरकल्या. सावलीत व उंचावर वाढलेली द्राक्षे पूर्ण पिकत नसत. या वाइनच्या आंबटपणाचे एक कारण तेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारांवरील लागवड वाढली आणि द्राक्षे अधिक पक्व मिळू लागली.

जिभेवर जाणवणारी बारीक चुणचुण हे या वाइनचे वैशिष्ट्य होय. पूर्वी ती आपोआप निर्माण होई. द्राक्षातील तीव्र मॅलिक आम्लाचे जीवाणूंमुळे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते व त्या वेळी कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. हे रूपांतर हिवाळ्यात थंडीने थबके आणि लवकर बाटलीबंद केलेल्या वाइनमध्ये वसंतातील उबेने पुन्हा सुरू होई. वायू बाटलीतच अडकून राही. अशी वाइन किंचित गढूळ दिसे व तिची चव बाटलीगणिक बदले. आता बहुतेक उत्पादक वाइन स्थिर व स्वच्छ करून बाटली भरताना थोडा कार्बन डाय-ऑक्साइड मिसळतात. काही जाणकार यास कृत्रिम म्हणतात. चुणचुण मुळीच नसलेली व्हिन्यू व्हेर्दही आता बरीच मिळते आणि वाणाचा मूळ स्वाद तिच्यातच नीट कळतो.

पांढऱ्या वाइनसाठी लोरेरू, अरिंतू, त्राझादूरा, आवेसू, आझाल व अल्वारिन्यू हे वाण वापरतात. साधारण मिश्र वाइनमध्ये मद्यार्क ८ ते ११.५ टक्के असतो. अल्वारिन्यूची वाइन याहून कडक असते व काही वर्षे टिकते. अल्वारिन्यू हे जर्मन रीसलिंगचे रूप असून ते बाराव्या शतकात ख्रिस्ती मठवासीयांनी आणले, ही कथा लोकप्रिय आहे. तथापि जनुकीय परीक्षणात तिला आधार मिळालेला नाही आणि हा वाण स्थानिकच, म्हणजे मिन्यू नदीच्या दोन्ही तीरांवरचा, मानणे योग्य ठरते. पलीकडच्या गालिसियात (स्पेन) त्यालाच आल्बारिन्यो म्हणतात.

पांढरी वाइन ८ ते १० अंश से. इतकी गार करून देतात. मीठ, तेल व समुद्री खाद्य यांच्याशी तिचा आंबटपणा उत्तम जुळतो. निखाऱ्यावर भाजलेले सार्डीन (तारली) मासे, तळलेले कॉड माशाचे वडे, तसेच लसूण व ऑलिव्ह तेलावर परतून कोथिंबीर आणि लिंबाचा रस घातलेल्या तिसऱ्या हे तिचे नेहमीचे सोबती होत. तिसऱ्यांचा रस्सा पावाने टिपून खाताना लसणाच्या तेलकट चवीवर या वाइनचा घोट विशेष रुचतो. ताज्या चीजबरोबर व सॅलडबरोबरही ती चालते. दाट, मलईदार पदार्थांसाठी मात्र अल्वारिन्यू निवडणे बरे.

तांबडी व्हिन्यू व्हेर्द मुख्यत्वे व्हिन्यांव या वाणाची, गडद व तुरट असते. मिन्यूत ती चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यांतून पिण्याची प्रथा आहे. हिवाळ्याच्या अखेरीस नदीत मिळणाऱ्या लॅम्प्रे माशाचा भात आणि वाइन-लसणात मुरवलेले डुकराचे तुकडे (रोजोंइश) यांबरोबर ती घेतात. गोव्यातील विंदालूचे मूळही वाइन-लसणात मांस मुरविण्याच्या याच पोर्तुगीज पद्धतीत आहे; गोव्यात वाइनची जागा व्हिनेगरने घेतली.