प्रशासक राजवट (नाशिक महापालिका)

महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही, की राज्य सरकार आयुक्तांनाच प्रशासक नेमतं, त्या काळाला लोक प्रशासक राजवट म्हणतात. नाशिकमध्ये ती मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ अशी जवळपास चार वर्षं चालली. राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार पाच वर्षांची मुदत संपण्याआधीच निवडणूक व्हायला हवी, पण ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात अडकला, त्यात महाविकास आघाडी सरकारने तीन सदस्यांचे (म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक) प्रभाग केले, २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने ते रद्द करून पुन्हा २०१७ ची चार सदस्यांची पद्धत आणली, म्हणजे भांडण मुंबई-दिल्लीत आणि नगरसेवक गेले सातपूर, पंचवटी, नाशिकरोडचे.

एरवी आयुक्त प्रस्ताव ठेवतात आणि नगरसेवकांची स्थायी समिती किंवा सगळ्या नगरसेवकांची महासभा त्याला मंजुरी देते, नाहीतर अडवते. प्रशासक असताना प्रस्तावही त्यांचा आणि मंजुरीची सहीही त्यांचीच. काही कामं यात पटकन होतात हे खरंय, पण टेंडर असो की करवाढ, सभागृहात उभं राहून "हे का?" असं विचारणारं कोणीच नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच आहे.

गल्लीत याचा अर्थ काय होतो? सकाळी नळाला करंगळीएवढी धार, खाली बादली भरेना, अशा वेळी बायका आधी नगरसेवकाच्या ऑफिसला जायच्या, तिथून एक फोन गेला की व्हॉल्वमन यायचा. या चार वर्षांत तक्रार ॲपवर टाकायची नाहीतर विभागीय कार्यालयात चकरा मारायच्या. बरेच माजी नगरसेवक तरीही फोन उचलायचे, ते कौतुकाचंच, पण हातात ना अधिकार ना निधी. आणि याच काळात सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी सुरू झाली, साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा सभागृहच नव्हतं, म्हणून नाशिककरांना झाडांसाठी थेट रस्त्यावर उतरावं लागलं.

शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ ला १२२ जागांसाठी मतदान झालं. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणजे एका मतदाराला चार बटणं दाबायची, आणि ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी नेमकं कोणाला गाठायचं हे ज्याने त्याने शोधायचं.