कृत्रिम

कृत्रिम : आपोआप न घडलेल्या, कोणाच्या तरी कृतीने सिद्ध झालेल्या वस्तूचे किंवा स्थितीचे विशेषण. हा तत्सम शब्द असला तरी मराठीत त्याचा उच्चार ‘क्रुत्रिम’ असा होतो, हिंदीप्रमाणे ‘क्रित्रिम’ असा नाही.

व्याकरणकार पाणिनीच्या मते धातुपाठात (धातूंच्या यादीत) ‘डु’ हा अनुबंध (धातूला केवळ खुणेसाठी जोडलेला अंश) असलेल्या धातूंना ‘क्त्रि’ प्रत्यय होतो (३.३.८८) आणि त्यापुढे ‘त्यापासून निष्पन्न झालेले’ या अर्थी ‘मप्’ हा प्रत्यय नित्य लागतो (४.४.२०), म्हणून नुसते ‘कृत्रि’ असे रूप स्वतंत्रपणे वापरता येत नाही. ‘डुकृञ्’पासून कृत्रिम, ‘डुपचष्’पासून पक्त्रिम (शिजवून झालेले) आणि ‘डुवप्’पासून उप्त्रिम (पेरून आलेले) ही रूपे या नियमाने सिद्ध होतात. अडचण येते ती ‘खनित्रिम’ या शब्दाची. ऋग्वेदात (७.४९.२) पाण्याचे प्रकार सांगताना खणून काढलेल्या पाण्याला खनित्रिम आणि आपोआप उगवलेल्या पाण्याला स्वयंज म्हटले आहे, परंतु ‘खन्’ धातूला ‘डु’ अनुबंध नाही, त्यामुळे वरील सूत्रे येथे लागू पडत नाहीत. काही आधुनिक अभ्यासक ‘त्र’ प्रत्ययान्त नामाला ‘इम’ जोडून या शब्दांची उपपत्ती लावतात. खनित्र (कुदळ) या शब्दामुळे ‘खनित्रिम’पुरती ती पटते, ‘कृत्रिम’साठी मात्र तसे आधारभूत नाम दाखविणे कठीण असल्याने तेथे पाणिनीची व्यवस्थाच अधिक सोयीची वाटते. ‘कृत्रिम’ हा शब्दही ऋग्वेदात येतो (२.१५.८). तेथे इंद्राने मोकळे केलेले बांध कृत्रिम, म्हणजे कोणीतरी घातलेले, आहेत. खोटेपणाची छटा त्यात नाही.

शास्त्रग्रंथांतही ‘केलेले’ हाच अर्थ प्रधान राहिला. ‘कृत्रिमाकृत्रिमयोः कृत्रिमे कार्यसंप्रत्ययः’ या व्याकरणातील परिभाषेत (सूत्रांचा अर्थ लावण्याच्या नियमात) कृत्रिम म्हणजे शास्त्रकाराने ठरवून दिलेली संज्ञा. ‘गोपालकाला आण’ असे सांगितल्यावर गाई राखणारा कोणीही न आणता त्या नावाचा माणूस आणतात, हा पतंजलीच्या महाभाष्यातील दृष्टांत त्यासाठीच आहे. कौटिल्याने मित्राचे व शत्रूचे सहज आणि कृत्रिम असे भेद केले. आईवडिलांकडून संबंध असलेला मित्र सहज, तर धन किंवा जीवित यांसाठी आश्रयाला आलेला तो कृत्रिम. माघाच्या शिशुपालवधात (२.३६) तर कार्यामुळे झालेला हा मित्र अथवा शत्रूच अधिक महत्त्वाचा ठरविला आहे. मनुस्मृतीतील बारा प्रकारच्या पुत्रांत ‘कृत्रिम’ हा दत्तकाहून वेगळा प्रकार असून त्यात आईबापांनी मुलगा देण्यापेक्षा घेणाऱ्याने त्याला पुत्र करून घेणे निर्णायक असते (९.१६९). ही चाल मिथिलेत (उत्तर बिहारच्या भागात) दीर्घकाळ टिकली. तेथे कृत्रिम पुत्राचा जन्मघरातील वारसाहक्क कायम राहत असे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानंतर तिला मान्यता उरली नाही. जैन परंपरेत कोणीही न बांधलेल्या, शाश्वत मानलेल्या मंदिरांना अकृत्रिम चैत्यालये म्हणतात.

मराठीत नाम म्हणून ‘कृत्रिम’ याचा कपट, लबाडी असा अर्थ जुन्या कोशांत आढळतो आणि ‘कृत्रिमी’ म्हणजे कपटी. हा अर्थ आता मागे पडला असला तरी ‘कृत्रिम हसू’, ‘कृत्रिम टंचाई’ अशा प्रयोगांत त्याचा अंश शिल्लक आहे. उलटपक्षी ‘अकृत्रिम स्नेह’ हा गौरवाचा शब्द आहे. फसविण्याचा हेतू स्पष्ट असेल तेथे मात्र मराठी माणूस वेगळे शब्द वापरतो : नोट बनावट, दागिना खोटा, माल नकली. यांपैकी कशालाही सहसा कृत्रिम म्हटले जात नाही.

विसाव्या शतकात शास्त्रीय परिभाषेने या शब्दाला मोठे क्षेत्र दिले : कृत्रिम श्वासोच्छ्वास, कृत्रिम रेतन, कृत्रिम धागे, कृत्रिम अवयव. वस्तू अंगवळणी पडली की विशेषण गळते, असेही दिसते. १९७५ मध्ये सोडलेल्या आर्यभटास ‘कृत्रिम उपग्रह’ म्हणत, आता नुसते ‘उपग्रह’ पुरते. दातांच्या बाबतीत तर बोलण्यात ‘कवळी’च चालते. २००३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ढगांवर केलेल्या फवारणीचे प्रयोग ‘कृत्रिम पाऊस’ या नावाने ओळखले गेले. पडणारे पाणी नैसर्गिकच असल्याने ही योजना काटेकोर नाही, पण रूढ आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा १९५५ मध्ये जॉन मॅकार्थी व सहकाऱ्यांच्या प्रस्तावात आलेल्या इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द असून काही लेखक ‘प्रज्ञा’ हे उत्तरपद पसंत करतात. गणेशविसर्जनासाठी खणलेल्या वा बांधलेल्या ‘कृत्रिम तलावां’त मात्र या शब्दाचा जुना, निर्दोष अर्थच आढळतो.