जड धातूंनी दूषित मृदा आणि वृक्षरोपे

कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त यांसारख्या धातूंचे मृदेतील प्रमाण नैसर्गिक पातळीच्या फार वर गेले म्हणजे वृक्षांच्या बियांचे रुजणे, रोपांचे तगणे आणि पहिल्या काही हंगामांतील त्यांची वाढ यांवर जे विपरीत परिणाम होतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. ‘जड धातू’ ही संज्ञा तशी सैल आहे. सामान्यतः दर घन सेंटिमीटरला ५ ग्रॅमपेक्षा अधिक घनता असलेल्या धातूंना ती लावतात आणि आर्सेनिकसारख्या उपधातूचाही त्यांत समावेश करतात. परंतु विषारीपणाचा घनतेशी थेट संबंध नाही. जस्त, तांबे व निकेल ही वनस्पतींना अत्यल्प प्रमाणात लागणारी पोषकद्रव्येच आहेत आणि मर्यादा ओलांडल्यावरच ती घातक ठरतात. याउलट कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा वृक्षांना कोणताही उपयोग ज्ञात नाही. खाणी, धातू वितळवण्याच्या भट्ट्या, विद्युत्‌विलेपनाचे व कातडी कमावण्याचे कारखाने, औष्णिक वीज केंद्रांची राख आणि सांडपाण्याचा गाळ हे अशा प्रदूषणाचे मुख्य उगम होत.

धुरातून आणि धुळीतून आलेले धातू बहुतांशी मृदेच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातच, त्यातही पालापाचोळा कुजून झालेल्या थरात साठतात. वाढलेल्या वृक्षाची बरीच मुळे या थराच्या खाली गेलेली असतात आणि त्याच्या खोडात व मुळांत अन्नसाठाही असतो. रोपाचे मात्र सारे जग त्या वरच्या थरातच असते. त्यामुळे दूषित जमिनीवर जुने वृक्ष हिरवेगार दिसत असतानाच त्यांच्याखाली नवी पिढी उभी राहत नाही, अशी स्थिती निर्माण होते, आणि केवळ वरच्या छत्राकडे पाहून पाहणी करणाऱ्याच्या ती लवकर ध्यानात येत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील पामर्टन हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. तेथे १८९८ मध्ये जस्ताची भट्टी सुरू झाली आणि १९८० पर्यंत जस्त गाळण्याचे काम चालू राहिले. शेजारच्या ब्लू मौंटन या डोंगररांगेचा उतार त्या काळात उजाड होत गेला. वणवे तेथे पूर्वीही लागत, परंतु जळालेल्या जंगलाची जागा घेणारी रोपे जस्त व कॅडमियमने भरलेल्या मातीत मूळ धरू शकत नव्हती, आणि म्हणून वणव्याची जखम भरून आली नाही. १९८३ मध्ये हा परिसर संघराज्य शासनाच्या सफाईच्या प्राधान्य यादीत घेण्यात आला.

रुजण्याचा टप्पा त्या मानाने सुरक्षित असतो, ही बाब प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटेल. बीजावरण धातूंना बऱ्याच अंशी अडवते आणि अंकुराला लागणारे अन्न बीजपत्रांतून मिळते. त्यामुळे बऱ्यापैकी दूषित मातीतही बी फुटते आणि उगवणीचा आकडा फारसा खाली येत नाही. केवळ उगवणीची टक्केवारी मोजणारा अभ्यास म्हणूनच फसवा ठरू शकतो. खरा आघात आद्यमूळ बीजावरणाबाहेर पडून मातीच्या पाण्याला भिडल्यावर होतो. मूलाग्रातील पेशींचे विभाजन मंदावते, लांबणे थांबते, टोक तपकिरी पडते, उपमुळे फुटली तरी आखूड व जाड राहतात आणि मूलरोम विरळ होतात. अशा रोपाची वरची दोन पाने काही आठवडे तजेलदार दिसतात आणि बीजपत्रांतील साठा संपताच रोप मान टाकते. ओकसारख्या मोठ्या बियांच्या जातींत हा अवधी लांबतो, भूर्ज किंवा निलगिरीसारख्या बारीक बियांच्या जातींत तो अगदीच अल्प असतो.

धातू मुळात शिरतात ते मुख्यतः पोषकद्रव्यांसाठीच असलेल्या वाटांनी. कॅडमियमचा आयन लोह, जस्त व कॅल्शियम वाहून नेणाऱ्या प्रथिनांमार्गे आत येतो आणि प्रकाष्ठातून (पाणी वर नेणाऱ्या ऊतीतून) पानांपर्यंत सहज पोहोचतो. शिसे मात्र बहुतांशी मुळांच्या पेशीभित्तिकांनाच चिकटून राहते. या फरकामुळे पानांतील शिशाचे प्रमाण कमी आढळले म्हणून रोप सुखरूप आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. षट्‌संयुजी क्रोमियम सल्फेटच्या वाटेने आणि आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने आत घेतले जाते. पेशीत पोहोचलेले धातू एंझाइमांतील गंधकयुक्त गटांना बांधले जातात, पोषक धातूंची जागा बळकावतात आणि ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांची निर्मिती वाढवून पेशीपटलांतील मेदांचा ऱ्हास घडवतात. रोपाकडे याला उत्तर असते. पेशीतील ग्लुटाथायोन या गंधकयुक्त संयुगापासून फायटोकेलॅटिन नावाची लहान पेप्टाइडे तयार होतात, ती धातूला कवेत घेतात आणि तो पेशीच्या रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पिशवीत) कोंडला जातो. त्याच वेळी ऑक्सिजनची ती अतिक्रियाशील रूपे निकामी करणाऱ्या कॅटॅलेज, पेरॉक्सिडेज व सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या एंझाइमांची क्रिया वाढते. मात्र या बचावाला लागणारे गंधक, नत्र आणि ऊर्जा वाढीच्या वाट्यातून जातात. इवल्याशा रोपाला हा खर्च झेपत नाही.

जमिनीवरची लक्षणे उशिरा दिसतात आणि ती संदिग्ध असतात. हरितद्रव्य घटते, पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, पाने लहान राहतात, पर्णरंध्रे मिटलेली असल्याने प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि आखडलेल्या मुळांना पाणी ओढता न आल्याने ओल्या मातीतही रोप सुकल्यासारखे दिसते. शिरांमधला पिवळेपणा हा पुष्कळदा जस्त, निकेल किंवा कॅडमियमच्या आधिक्याने ओढवलेल्या लोहाच्या कमतरतेचा परिणाम असतो. रोपवाटिकेत अशा रोपांना सवयीने युरिया दिला जातो. युरियासारख्या, मातीत अमोनियम देणाऱ्या खतांनी माती अधिक आम्ल होत असल्याने काही मातींत त्याने दुखणे वाढते. मूळ उपटून पाहणे हा याहून भरवशाचा उपाय आहे.

मातीत एकूण धातू किती आहे, यापेक्षा त्यातला मुळांना उपलब्ध होणारा भाग किती, हे महत्त्वाचे असते. तो सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल), सेंद्रिय द्रव्य, चिकणमातीचे प्रमाण व प्रकार आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे यांवर ठरतो. सामू जसजसा उतरतो तसतसे कॅडमियम, जस्त व निकेल अधिक विरघळतात. आर्सेनिक आणि षट्‌संयुजी क्रोमियम हे ऋणभारित रूपांत असल्याने त्यांचे वर्तन बरेचसे उलट असते. महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाने युक्त, चुनखडीमिश्रित आणि विम्लधर्मी असल्याने शिसे व कॅडमियम घट्ट धरून ठेवते. कोकण व गोव्यातील आम्लधर्मी जांभ्या मातीत ही धारणशक्ती कमी असते, त्यामुळे तेवढाच धातू तेथील रोपांना अधिक बाधू शकतो. भारतात शेतजमिनीसाठी दर किलोग्रॅम मातीत कॅडमियम ३ ते ६ मिलिग्रॅम, शिसे २५० ते ५०० मिलिग्रॅम आणि जस्त ३०० ते ६०० मिलिग्रॅम अशा मर्यादा सामान्यतः उद्‌धृत केल्या जातात. त्या पिके आणि अन्नसुरक्षा समोर ठेवून ठरवलेल्या असल्याने वृक्षरोपांच्या बाबतीत त्यांच्याकडे ढोबळ खूण म्हणूनच पाहावे लागते.

या विषयावरचे बहुतेक प्रयोग कुंड्यांतील अथवा पेट्री बशीतील आहेत. कॅडमियम क्लोराइड, लेड नायट्रेट यांसारखे लवण ठरावीक मात्रेत घालून मुळाची लांबी मोजतात आणि निर्मळ माध्यमातील लांबीशी तिचे शेकडा प्रमाण काढून त्याला सहनशीलता निर्देशांक म्हणतात. कराचीत शिरीष आणि सुबाभूळ यांच्या रोपांवर झालेल्या अशा प्रयोगांत दोन्ही धातूंनी मुळांची वाढ रोखली, पण कॅडमियमचा परिणाम शिशापेक्षा तीव्र होता. दक्षिण आशियातील रस्त्याकडेच्या झाडांवर असे काम थोडे असल्याने ते उपयुक्त आहे. तरीही ताज्या विद्राव्य लवणाने दूषित केलेली माती आणि अनेक दशके धूळ बसून मुरलेली माती यांत मोठा फरक असतो. पहिलीत विषारीपणा अवास्तव वाढून दिसतो. दुसरीत एकाऐवजी चार-पाच धातू, आम्लता, ओलाव्याचा अभाव आणि नत्राचा तुटवडा एकत्र नांदतात, आणि रोप नेमके कशाने मेले हे सांगणे अवघड जाते.

रोपाच्या मुळांशी सहजीवन करणारी कवके या गुंत्यातला महत्त्वाचा घटक आहेत. बेल्जियममधील जस्ताच्या भट्ट्यांभोवती स्विलस या कवकाचे जस्त सोसणारे प्रकार विकसित झालेले आढळले. त्यांनी युक्त अशी पाइनची रोपे भरपूर जस्त असलेल्या माध्यमातही तगून राहिली, तर स्वच्छ जागेवरून आणलेल्या त्याच जातीच्या कवकाने त्यांना तितके संरक्षण दिले नाही. गवते काही दशकांतच धातूसहिष्णू होऊ शकतात. वृक्षांच्या पिढ्या लांब असल्याने त्यांना ते इतक्या झटपट साधत नाही. कवकाची पिढी लहान असते आणि जणू वृक्षाच्या वतीने तेच जुळवून घेते. दुसऱ्या टोकाला न्यू कॅलेडोनियातील पिक्नॅन्ड्रा ॲक्युमिनाटा हा वृक्ष आहे. निकेलयुक्त मातीत वाढणाऱ्या या वृक्षाचा चीक निळसर हिरवा असून त्याच्या कोरड्या वजनात सुमारे २५ टक्के निकेल असते. अशी क्षमता अपवादात्मकच होय.

रोपांच्या पुनरुज्जीवनाचा सर्वांत बोलका अनुभव कॅनडातील सडबरी येथील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे तांबे व निकेलची धातुके उघड्यावर लाकडे पेटवून भाजली जात. वृक्षतोड, गंधकाचा धूर आणि धातूंची धूळ यांमुळे सुमारे १७,००० हेक्टर जमीन पूर्ण उजाड आणि सुमारे ७०,००० हेक्टर अर्धउजाड झाली. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीचे धुराडे उभारल्याने स्थानिक हवा सुधारली, पण झाडे परतली नाहीत, कारण अडचण आता मातीत होती: आम्ल मातीतील तांबे आणि निकेल कोवळ्या मुळांना आत शिरू देत नव्हते, आणि उघड्या जमिनीत हिवाळ्यात होणाऱ्या गोठण-उसळीने (पाणी गोठून माती वर उचलली जाण्याने) उरलीसुरली रोपेही उचलून टाकली जात. १९७८ पासून डोंगरउतारांवर हेक्टरी सुमारे १० टन डोलोमाइटी चुनखडी, खत आणि गवत व शेंगावर्गीय वनस्पतींचे बी पसरण्यात आले. पिशव्या खांद्यावर वाहून नेणाऱ्यांत विद्यार्थी आणि तात्पुरते काम मिळालेले लोक मोठ्या संख्येने होते. मातीतला एक कणही धातू काढला गेला नव्हता. केवळ सामू चढल्याने आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमची भर पडल्याने तो मुळांना कमी उपलब्ध झाला. त्यानंतर कोणी न लावताच भूर्ज आणि पॉप्लरची रोपे वाऱ्यावर आलेल्या बियांतून उगवू लागली. लावलेल्या झाडांची संख्या पुढे १ कोटीच्या घरात गेली असली, तरी ही आपोआप उगवलेली रोपेच त्या प्रयोगाची खरी कसोटी होती.

महाराष्ट्रात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीचे ढिगारे आणि खापरखेडा वीज केंद्राची राख यांवर याच दिशेने काम केले. खड्ड्यांत माती आणि साखर कारखान्यातील प्रेसमडसारखे सेंद्रिय द्रव्य घालून, कवकमूळ (मुळांशी सहजीवन करणारी कवके) आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू यांचे विरजण देऊन तेथे स्थानिक वृक्षांची लागवड करण्यात आली. अशा जागी सेंद्रिय द्रव्य धातूंना बांधते, ओल टिकवते आणि सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवते. खड्डा लहान खणला तर दोन वर्षांनी मुळे त्याच्या काठाबाहेर पडतात आणि वाढ पुन्हा खुंटते, म्हणून खड्ड्याचा आकार ही येथे दुय्यम बाब नसते.

जातीची निवड करताना रोप जगते की नाही एवढेच पाहून भागत नाही. विलो व पॉप्लर दूषित जमिनीत जोमाने वाढतात, म्हणून माती शुद्ध करण्यासाठी त्यांची शिफारस होते. पण ते कॅडमियम आणि जस्त पानांत साठवतात. पाने गोळा करून हलवली नाहीत, तर खोल थरातला धातू पानगळीबरोबर दर वर्षी मृदेच्या पृष्ठभागावर येतो, आणि पुढच्या हंगामातले बी नेमके त्याच थरात रुजते.